आईचे नवे दात

आईच्या तोंडात वरचा एकही दात उरला नव्हता आणि खालचे चारच होते. मी तेव्हा पोलादपूरला नुकतीच शिक्षिका झाले होते. दर रविवारी कापड्याला घरी जायचे, आणि आई पेजच पीत बसलेली. शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिला महाडला दातांच्या डॉक्टरांकडे नेलंच.

डॉक्टर म्हणाले, "पक्के दात बसवायला आजूबाजूला भक्कम दात लागतात, ते यांना नाहीत. वर पूर्ण कवळी करू. खालचे चार काढून खालीही पूर्ण करू, नाहीतर ते ठेवून तारेनं अडकवायची अर्धी करू."

"ऱ्हाऊ देत ते चार," आई म्हणाली. "यवढी वर्सं ऱ्हायलेत माझ्यासंगती."

माप घ्यायला डॉक्टरांनी तिच्या तोंडात गुलाबी लगदा भरला आणि हलू नका म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि संपलंच. ती नाकातून फुसफुसायला लागली, पोट गदगदलं, माप वाकडं झालं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. मी बाकावर बसून एकटीच हसतेय, आणि आतून डॉक्टरांचंही हसू ऐकू येतंय.

काही आठवड्यांनी कवळी तयार झाली. आई आरशात बघून म्हणाली, "अगो, ही कोन बाय?"

"आठ दिवस मऊच खा," डॉक्टरांनी बजावलं. आईनं मान डोलावली आणि पोलादपूरच्या स्टँडवर गाडी बदलताना चिक्की घेतली.

"आये, नको!"

"दात हायत तर चावू नको व्हय?"

पहिल्याच घासाला वरची कवळी चिक्कीत रुतून बाहेर आली. चिक्की हातात आणि चिक्कीला दात! आम्ही एकमेकींना धरून इतक्या हसलो की कापड्याची गाडी समोरून निघून गेली. नळावर कवळी धुताना तिचं पुन्हा सुरू. एरवी चारचौघांत हसताना ती तोंडावर पदर धरायची. त्या दिवशी पदराची तिला शुद्धच नव्हती.

घरी बाबा ओटीवर होते. आई त्यांच्यासमोर उभी राहून नुसती हसली. बाबा बघतच राहिले.

"वळखलात नाय व्हय?"

बाबांनी जिभेनं स्वतःच्या हिरड्या चाचपल्या. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जाणारा माणूस मला विचारतो, "महाडाला पयली गाडी किती वाजता हाय गो?"