पास्कलच्या मधल्या त्या ओळी

जळगावच्या एका डाळ मिलमधल्या डाळ निवडायच्या मशीनचा प्रोग्रॅम मी तरुणपणी पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. पट्ट्यावर काळा दाणा दिसला की हवेचा फटका मारून तो उडवायचा, एवढंच त्याचं काम. गेल्या वर्षी मालकांनी, म्हणजे आबांनी, पट्ट्याची मोटर बदलली. वेग वाढला आणि फटका उशिरा बसू लागला. काळे दाणे पुढे आणि चांगली डाळ कचऱ्यात जाऊ लागली.

आबांनी पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला, आणि धुळ्याहून मला. जुना कॉम्प्युटर पाहून तो हसला.

"मॅडम, पास्कल कोण वापरतं आता? याला हा वेग झेपणार नाही."

"कॉम्प्युटरला झेपतो. माझाच कोड संथ आहे," मी म्हणाले. "आबा, मला दोन दिवस द्या."

"दिले," आबा म्हणाले.

पास्कलमध्ये प्रोग्रॅमच्या मधेच असेंब्ली लिहिता येते, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतल्या सूचना; त्या कितीतरी वेगाने चालतात. दाणा ओळखून फटका मारण्याचा तेवढाच भाग मी असेंब्लीत लिहिला. सुरू केला आणि पडदा जागच्या जागी गोठला.

"ताई, मशीन बंद पडी गयं का?" मशीनवरच्या भाऊंनी विचारलं.

"नाही भाऊ, मीच पाडलं."

इंजिनिअरने आबांकडे बघून नुसती मान हलवली. ती मान मला फार लागली. रात्री धुळ्याला घरी आले, पोळ्या लाटतानाही डोक्यात त्याच ओळी. मग लक्षात आलं: डीएस नावाचं रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला एक छोटा कप्पा, मी माझ्या कामाला घेतलं होतं आणि परत होतं तसं ठेवलंच नव्हतं. पास्कल आपली सगळी माहिती त्याच्याच भरवशावर शोधतं. एवढी साधी चूक, आणि मी पॉलिटेक्निकात मुलांना हेच शिकवत आले होते!

दुसऱ्या दिवशी दोन ओळी वाढवल्या. सुरुवातीला डीएस जपून ठेवायचं, शेवटी परत करायचं. पट्टा पूर्ण वेगात सोडला. भाऊंनी कचऱ्याच्या डब्यातून मूठभर दाणे तळहातावर पसरले.

"बठ्ठा काळाच शेतस, ताई!" सगळे काळेच होते, चांगल्या डाळीचा एकही दाणा नव्हता.

इंजिनिअरने स्वतः तीनदा तपासलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण तुमच्यानंतर हे कोण सांभाळणार?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो विचारताना त्याचा सूर तोच होता, कालचा.

"प्रत्येक ओळीशेजारी मराठीत टीप लिहिली आहे," मी म्हटलं. "बसा, वाचा. अडलं तर विचारा, मी इथेच आहे."