पुटकुळ्या वर येण्याचे दिवस

आईच्या आजारपणातच माझ्या हनुवटीवर पुटकुळ्या यायला लागल्या होत्या. तिशी जवळ आल्यावर कॉलेजातल्या मुलींसारखा चेहरा व्हावा, याचं नवल करायलाही तेव्हा सवड नव्हती. जागरणं, बाहेरचं खाणं, इस्पितळातलं पाणी, असं काहीतरी कारण मी मनाशी धरून ठेवलं होतं. मग ऐन उन्हाळ्यात आई गेली. जागरणं संपली, पुटकुळ्या राहिल्या.

वडील मी शाळेत असतानाच गेले होते. त्यामुळे भिवंडीतल्या त्या दोन खोल्यांत आता मी एकटी होते. मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता. त्याचा खटखटाट शिफ्टमागून शिफ्ट चालू असायचा आणि शुक्रवारी बंद. आई होती तेव्हा शुक्रवारची ती शांतता आम्हाला सुट्टीसारखी वाटायची. ती गेल्यावर मी शुक्रवारी सकाळी उठल्या उठल्या रेडिओ लावू लागले. ऐकत काही नव्हते. भिंतीपलीकडून काहीच येत नाही हे नको वाटायचं.

नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. तिथे बोलायचं नाही असा नियमच. तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली, नंतर महिनाभर कुणी कुणी वाटेत थांबून विचारायचं. पुढे तेही थांबलं. त्यात कुणाची चूक नव्हती. किती दिवस विचारणार? पण आईबद्दल कुणाशी बोलावं असं मला वाटू लागलं ते नेमकं लोकांचं विचारणं संपल्यावर.

गणपती झाले. सुतक कधीच संपलं होतं, पण दुखवटा होता, म्हणून घरात मोदक केले नाहीत. त्याच सुमारास एका संध्याकाळी तोंड धुताना हनुवटीवरची एक गाठ इतकी दुखली की दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून थेट वंजारपट्टी नाक्याजवळच्या दवाखान्यात गेले. तिथे कातडीच्या डॉक्टर एक बाई होत्या. बाहेरच्या बाकावर खाजेने बेजार झालेले लूम कामगार आणि कडेवर मुलं घेतलेल्या बायका. माझा नंबर बऱ्याच उशिरा लागला.

डॉक्टर बाई हिंदीत बोलत होत्या आणि मी मराठी-हिंदी मिसळून उत्तरं देत होते. घरात काही झालंय का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, माझ्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड पाडला, आणि रात्री लावायचं एक जेल लिहून दिलं. मग चिठ्ठी माझ्या हातात न देता स्वतःजवळच धरून त्या म्हणाल्या, "पहले बिगड़ेगा, फिर सुधरेगा. बीच में छोड़ दोगी तो समझो कुछ किया ही नहीं."

मला नीट कळलं नाही हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी समजावून सांगितलं. पुटकुळी वर दिसते त्याच्या कितीतरी आधीपासून ती आत तयार होत असते. एरवी त्या एकेक करून, महिनोन् महिने, आपल्या सवडीने वर येतात. हे जेल कातडीचं काम घाईला आणतं. जुनी कातडी लवकर गळते, नवी लवकर येते, आणि आत जे काही दडलेलं असतं ते सगळं एकदमच वर येतं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. नेहमी जिथे पुटकुळ्या येतात तिथेच त्या आल्या, तर घाबरायचं नाही. पण जिथे कधीच येत नव्हत्या तिथे आल्या, खाज सुटली, सूज आली, डोळ्यांभोवती लाल झालं, तर जेल बंद करून लगेच यायचं. ती औषध न मानवल्याची खूण.

बाकीच्या सूचना साध्या होत्या. वाटाण्याएवढंच जेल घ्यायचं, सगळ्या चेहऱ्याला पुरवायचं. तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर लावायचं. सौम्य साबण, साधं मलम, दिवसा उन्हापासून जपणं. फोडायचं नाही, घासायचं नाही, हळद नाही, बेसन नाही, तेल तर मुळीच नाही. "और हाथ मत लगाना. किसी का भी नहीं," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

पहिले काही दिवस काही झालं नाही. मग हनुवटी आणि जबड्याची कड भरून आली. एका सकाळी आरशात पाहिलं तर पिकलेल्या, लाल, आणि अजून नुसत्याच टणक अशा सगळ्या वयाच्या पुटकुळ्या एकाच वेळी तिथे होत्या. मला वाटलं, जेल कमी पडतंय. मी जास्त लावू लागले. लवकर यायचं ते लवकर येऊन जाऊ दे असा माझा हिशोब. त्यानं तोंडाची आग झाली आणि ओठांच्या कडेची कातडी कांद्याच्या सालासारखी सुटू लागली. परत दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर बाई हसल्या. घाई करून काही होत नाही, असं म्हणाल्या, आणि काही दिवस एक रात्र सोडून एक रात्र लावायला सांगितलं. जागा मात्र त्यांनी नीट तपासल्या. नेहमीच्याच होत्या. खाज नव्हती. चालू ठेवा, म्हणाल्या.

आणि मग लोक पुन्हा विचारू लागले. कॉलेजात, जिन्यात, वाण्याकडे. काय झालं तोंडाला? मी सांगत असे, औषध चालू आहे, आधी असं होतं. कुणी कडुनिंब सांगे, कुणी मुलतानी माती. ग्रंथालयातल्या शिपायाच्या मते हा कारखान्यातून उडणाऱ्या कापसाच्या तुसाचा प्रताप होता. महिनोन् महिने ज्या बायकांशी माझं बोलणं झालं नव्हतं त्याही थांबून माझ्या हनुवटीकडे पाहत बोलत होत्या. मी सगळ्यांना नीट, सविस्तर उत्तरं द्यायचे. घरी आल्यावर लक्षात यायचं की दिवसभरात मी पुष्कळ बोलले आणि एकदाही आईचा विषय निघाला नाही.

शेजारच्या काकूंचं जिन्यात कुणाशी तरी चाललेलं बोलणं एकदा कानावर आलं. "आई जाऊन वर्ष नाय झालं, आन् हिला तोंडाचं पडलंय." मला राग आला नाही. मी दाराच्या आत चपला हातात घेऊन उभी होते आणि त्या खाली जाईपर्यंत तशीच उभी राहिले. खरं म्हणजे तोंडाचं मला पडलं नव्हतं. पण रात्री तोंड धुवायचं, कोरडं होण्याची वाट पाहायची, वाटाण्याएवढं जेल बोटावर घ्यायचं, एवढंच काम दिवसात असं होतं की ज्याला पुढे काहीतरी होणार होतं. बाकी सगळे दिवस नुसते होते. ते औषध मला मधेच सोडायचं नव्हतं.

दिवाळीच्या आधी जवळच्या शेलार गावातल्या मामीचा निरोप आला, रविवारी येतेय, तुझा दुखवटा काढायचा. आमच्याकडे सणाआधी माहेरची नाहीतर आजोळची माणसं येतात, नवं लुगडं किंवा साडी देतात, डोक्याला तेल घालतात, तोंडाला तेल-हळद लावतात, गोड भरवतात. ते होईस्तोवर दुखवट्यातली बाई केसांना तेल लावत नाही. मीही लावलं नव्हतं. आईकडची म्हणून आता मामीच उरली होती. मामा गेल्यापासून तीही एकटीच होती, मुलगा-सून असून.

रविवार येईपर्यंत मी एकच विचार करत होते. चेहऱ्याला तेल-हळद लागली तर इतक्या आठवड्यांचं सोसणं फुकट जाणार. आणि नको म्हटलं, तर ज्या एका बाईला माझा दुखवटा काढावासा वाटतोय तिचा हात मी बाजूला सारणार. मामी रागावणारी नव्हती. ती गप्प होऊन परत जाणारी होती, आणि पुढच्या सणाला कदाचित आली नसती. मी दोन्ही बाजूंनी वाक्यं तयार केली. एकही धड जमलं नाही.

मामी सकाळच्या एसटीनं आली. पिशवीत साडी, करंज्या, तेलाची बाटली, हळदीची पुडी. दारातच थांबून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"काय गो बाय, ह्या काय झाला तोंडाला?"

मी सांगू लागले. ती ऐकत होती, पण तिला आपलं कारण आधीच सापडलं होतं.

"डोक्याला तेल न्हाय, डोल्याला पानी न्हाय. मंग आतला कुठून तरी वर येनारच," ती म्हणाली.

तिने पाट मांडला. मी बसले. तिने वाटीत तेल घेतलं, पुडीतली हळद हातावर घेतली, आणि माझ्यासमोर वाकली. तेव्हा मी म्हणाले, "मामी, तोंडाला नको."

मामीचा हात तसाच राहिला. मी पुढचं सगळं सांगणार होते, जेल, आठवडे, डॉक्टर बाई. पण घशातून वेगळंच आलं. "आई गेल्यावर तोंडाला कुणी हात लावला नाय. तू लावशील तर मला हवाय. पण आता नको. सगळं परत बिघडंल."

मामीने हातावरची हळद पुडीत परत झटकली आणि माझ्या मागे जाऊन बसली. माझ्या डोक्यावर तेल ओतून ती बराच वेळ चोळत राहिली. तेल कपाळाकडे ओघळू लागलं की ती पदरानं टिपून घ्यायची, दर वेळी, भुवईच्या वरच. मी रडत होते. मागून तिला ते दिसत नव्हतं असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "रड. आसवांना तुझ्या डाक्टरीन नको बोलली न्हाय ना?"

तिने करंजी भरवली, साडी अंगावर टाकली. हळदीचं बोट तिने फक्त हातांना लावलं. निघताना तिने दोन्ही तळवे माझ्या गालांजवळ आणले, न टेकवता, हवेतल्या हवेत खाली ओढले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बोटं मात्र नेहमीसारखी कडाकडा मोडली.

दिवाळीत मी एकटीच होते. चेहरा थंडी पडेपर्यंत तसाच होता. मग हळूहळू नव्या पुटकुळ्या यायच्या थांबल्या आणि जुन्यांचे डाग फिके होऊ लागले. माघी गणपतीच्या सुमारास हनुवटीवरून बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वाण्यानं विचारलं नाही, कॉलेजात कुणी थांबलं नाही. बरं झालेलं तोंड कोण कशाला पाहील? शेजारच्या काकू जिन्यात दिसल्या, की वाट देत आणि पुढे जात.

एका शुक्रवारी, कारखाना बंद असताना, रेडिओ न लावता, कॉलेजात रजा टाकून मी घराला कुलूप घातलं आणि शेलारला गेले. मामी ओटीवर बसून मासे साफ करत होती. हातांना खवले चिकटले होते. मला पाहून ती उठायला गेली, मग हातांकडे पाहून परत बसली. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि तोंड पुढे केलं.

तिने डोळे बारीक करून नीट पाहिलं, एक गाल, मग दुसरा, मग हनुवटी.

"थांब," ती म्हणाली. "हात धुऊन येतंय."

ती आत गेली. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग साबणाची वडी ठेवल्याचा, मग परत पाणी. तिला माशांचा वास घालवायला वेळ लागत होता. मी ओटीवर तशीच बसून राहिले.