हाडावर ठेवायचा हात

"बाई, आपल्या सुनंदाबाई गेल्या... रोह्याच्या एसटी स्टँडवर पडल्या." प्रशांतचा फोन आला तेव्हा मी पेणला आमच्या शाळेत पेपर तपासत होते. प्रशांत आमचा जुना विद्यार्थी, आता नागोठण्याजवळ कंपनीत कामाला. ती पडली तेव्हा तो स्टँडवरच होता. दीड महिना झाला, माझा राग उतरलेला नाही.

सुनंदा विज्ञान शिकवायची, मी मराठी. तेवीस वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला. छातीच्या हाडाचा भाग इतर शिक्षक 'घरी वाचा' म्हणून उरकायचे, ही दोन तास घ्यायची. रविवारच्या कोंबडीचं हाड उकळून, घासून वर्गात आणायची. "ही मधली उभी धार बघा. पंख मारणारे स्नायू हिलाच धरून असतात." मग बोकडाचं, तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं. सापाला हे हाडच नाही, हे सांगताना तर तिला कोण आनंद! शेवटी माणसाचं... चपटं, टायसारखं, फासळ्यांना पुढून बांधणारं, मागे हृदय. 'छाती' म्हटलं की पोरं खिदळायची. हृदय थांबलं तर याच हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर हात ठेवून जोरात दाबत राहायचं, हे ती खिदळणं थांबेपर्यंत सांगायची. "अगं, जाऊ दे ना, पालक भांडायला येतील," असं मीच तिला म्हणायचे. त्याची आज मला लाज वाटते.

आणि त्या दिवशी? हृदय बंद पडलं होतं, आणि फिट आली समजून कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. रिक्षा येईपर्यंत माणसं गोल करून उभी, त्यात प्रशांत धरून तिचे तीन विद्यार्थी! दाबलं असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण एकाने तरी हात लावावा की नाही?

गेल्या आठवड्यात प्रशांत शाळेत आला. प्रयोगशाळेत तिच्या टेबलापाशी मान खाली घालून उभा राहिला. "बाई, मला येत नव्हतं असं नाय. कंपनीत पुतळ्यावर छाती दाबायला शिकवलंय. पण बाईमाणसाच्या छातीला हात कसा लावायचा? लोक काय बोलले असते?"

मी त्याचा हात धरला आणि माझ्या छातीच्या मधोमध ठेवला. तो मागे घ्यायला लागला. मी घट्ट धरून ठेवला.

"काय लागतंय हाताला?"

"...हाड हाय, बाई."

तो रडायला लागला. तरी मी हात सोडला नाही.