रबराच्या पावलातली जोडवी

माझा धंदा पायांचा. असं सांगितलं की लोक आधी चपलांच्या दुकानाचा पत्ता विचारतात. पण मी खरोखरच पाय बनवतो. बारामतीच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे. कमरेचे पट्टे, मानेचे पट्टे, नी कॅप, कुबड्या आणि कृत्रिम पाय असा सगळा माल तिथे तयार होतो. पट्टे आणि नी कॅप शहरातल्या औषधांच्या दुकानांत जातात, त्यावर कंपनी चालते. पाय मात्र आम्ही बहुतेक फुकटच देतो. थंडी पडली की टेम्पोत प्लास्टरचं सामान भरायचं, इंदापूरला एखादं मंगल कार्यालय घ्यायचं आणि ज्यांना पाय विकत घेणं कधी जमणार नाही अशांची मापं घ्यायची, हा आमचा दरवर्षीचा रिवाज. उसाच्या मुलखात ट्रॉल्या आणि कडबाकुट्ट्या भरपूर, त्यामुळे आम्हाला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. हे वाक्य मी एकदा बाईंसमोर बोललो होतो. बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. पुढे बरेच दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी तोंडाचा फटकळ आहे आणि ते सगळ्या एमआयडीसीला ठाऊक आहे.

अशाच एका शिबिरात लासुर्ण्याची एक मुलगी आली. आईबाप ऊसतोडीला म्हणून आले आणि इथेच राहिले. लहानपणी ट्रॉलीच्या चाकाखाली सापडून तिचा डावा पाय गुडघ्यापासून खाली गेला. कुणीतरी दिलेला जुना पाय तिच्याकडे होता, पण ती वाढली आणि पाय तेवढाच राहिला, म्हणून ती कुबडीवर चालायची. गावात शिलाई मशीन चालवून घराला हातभार लावायची. मी तिच्या पायाला प्लास्टर गुंडाळत होतो तेव्हा ती माझ्या हाताकडे अशी बघत होती, जणू मी ब्लाउजचं कापड वाकडं कापतोय.

माप झालं. मी तिला नमुन्याचं पाऊल दाखवलं. रबराचं, मजबूत, चिखलात पाण्यात चालणारं. आमच्या पावलाला बोटं नव्हती, म्हणजे बोटांच्या जागी नुसत्या रेघा होत्या. तिनं ते बाजारातल्या वांग्यासारखं उलटंपालटं केलं आणि विचारलं, "काका, ह्यात जोडवं कुठं घालायचं?"

मी म्हटलं, पाय चालायसाठी असतो.

"चालाया कुबडी हाय की," ती म्हणाली. "चैत्रात लगीन हाय माझं. एका पायात जोडवं घालायचं अन् दुसरा पाय साडीखाली लपवायचा, तसं मला न्हाय बसायचं पाटावर. आजवर लई लपवला. ह्यात जोडवं बसत नसंल तर ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुणाला द्या."

तिच्या आईनं तिला चिमटा काढला आणि माझ्याकडे बघून हात जोडले. पोरीचं मनावर घेऊ नका, नवरा मुलगा चांगला मिळालाय, नरसिंहपूरचा आहे, दुधाचा टेम्पो चालवतो, त्याला सगळं माहीत आहे, असं ती माउली एका दमात सांगत सुटली. मुलगी मात्र कुबडी काखेत घेऊन उठायला लागली. ती खरोखर निघाली होती. माझं डोकं तापलं. पाय मिळावा म्हणून माणसं पहाटेपासून रांगेत बसतात आणि ही एका जोडव्यासाठी पाय सोडायला तयार. पण का कोण जाणे, त्या तापलेल्या डोक्यानंच मी म्हणालो, "बस खाली. बघतो."

दुसऱ्या दिवशी कंपनीत चहाच्या वेळी मी हे सांगितलं तर आमचे स्टोअरकीपर खो खो हसले. "तात्या, धर्माची गाय अन् म्हणं दात का न्हायत," ते म्हणाले. मी म्हणालो, दात नसलेली गाय धर्म करणाऱ्यानंच आपल्या गोठ्यात ठेवून घ्यावी. चहा तिथेच संपला.

बाईंची हरकत वेगळी होती आणि खरं सांगायचं तर रास्त होती. रबराला खाच पाडली की रबर तिथूनच फाटतं. पोरगी शेताच्या बांधावर आपटली तर दोष कुणाचा? फुकट दिला म्हणून कच्चा दिला, असंच लोक म्हणणार. त्यांना त्यांच्या मालाची अब्रू प्यारी होती. मी त्यांना म्हटलं, विकायच्या नी कॅपमध्ये आपण चार रंग ठेवतो, गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून. मग फुकटच्या पायाला बोटंसुद्धा नसावीत, हे कुणी ठरवलं? बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "करा. पण तिला माझ्यासमोर चालवून दाखवा. फाटलं तर ही बोटं बंद."

आता प्रश्न राहिला एवढाच की जोडवं नेमकं कुठल्या बोटात घालतात. हसू नका. आमच्या पायांच्या विभागात आम्ही सगळे बाप्ये, सगळे संसारी, कुणी सासरा झालेला, कुणी आजा. प्रत्येकाच्या घरात जोडवी रोज समोरून चालतात. पण एकालाही छातीठोक सांगता येईना. एक म्हणाला अंगठ्यात, दुसरा म्हणाला अंगठ्याच्या शेजारी, तिसरा म्हणाला मधल्या बोटात ती माशाच्या आकाराची मासोळी असते तेच जोडवं. घरी फोन लावून विचारायची लाज प्रत्येकाला. शेवटी बहुमतानं ठरलं की काहीही असलं तरी जागा लागणार ती अंगठ्यापाशीच, जिथे चपलेचा पट्टा जातो. पुरुषाला बायकोच्या पायाबद्दल तेवढंच कळतं. मी एका पावलाचा अंगठा कापून मोकळा केला, घासून गुळगुळीत केला आणि मोठ्या ऐटीत पिशवीत घालून घरी नेला.

बायको भाकरी थापत होती. मी पाऊल तिच्यासमोर ठेवलं. तिनं विचारलं हे काय, मी सांगितलं जोडव्याची जागा. ती आधी पावलाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिला जे हसू फुटलं ते तव्यावरची भाकरी करपली तरी थांबेना. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अवो, ही चपलेची खाच झाली. एवढी वर्षं माझ्यासंगं संसार केला का माझ्या चपलेसंगं?"

मग तिनं पाय पुढे केला. जोडवी दुसऱ्या बोटात होती. बोटाच्या दोन्ही बाजूंनी मोकळी जागा लागते, नाहीतर शेजारच्या बोटांना घासतं, हे तिनं मला शाळेतल्या बाईसारखं समजावलं. जोडवं वर सरकवून तिनं खालची जागा दाखवली. तिथे वळ होता. लग्नाच्या दिवसापासून चांदी बसून बसून बोट तेवढ्या जागी बारीक झालं होतं, आणि म्हणूनच जोडवं निसटत नव्हतं. हजारो लोकांचे पाय मी हातात घेतलेत, पण हा पाय मी कधी नीट बघितला नव्हता. बघून मला फार बरं वाटलं आणि थोडं ओशाळवाणंही वाटलं. तिला म्हटलं, रविवारी मी ह्याच पायाचा साचा काढणार.

रविवारी मी तिला ओट्यावर बसवलं, डाव्या पायातलं जोडवं काढायला लावलं, तेल लावलं आणि प्लास्टर गुंडाळायला बसलो. गुदगुल्या होतात म्हणून ती पाय मागे ओढायची, मी घट्ट धरायचो. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. नवरा बायकोचा पाय मांडीवर घेऊन बसलाय आणि बायको लाजून हसतेय, हे बघून त्या उंबऱ्यावरूनच मागे फिरल्या. चालू द्या, मी मागनं येते, एवढंच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या आळीला कळली होती. मला त्याचा राग आला नाही, हे माझ्या बायकोला अजून खरं वाटत नाही.

त्या साच्यावरून पहिलं पाऊल काढलं. बोटं सुटी, सुरेख, दुसऱ्या बोटावर वळसुद्धा उतरलेला. बायकोचं जोडवं त्यात घालून चिमट्यानं दाबलं आणि बोट तुटून टेबलाखाली गेलं. स्टोअरकीपरनी ते बोट उचलून माझ्या हातात ज्या अदबीनं ठेवलं, त्यापेक्षा ते खो खो हसले असते तर बरं. दुसऱ्या पावलाचं बोट टिकलं, पण मुळाशी चीर गेली. चैत्र जवळ येत होता. लासुर्ण्याहून मुलीचा फोन यायचा, कपडे शिवून झाले, पत्रिका आल्या, पाय कुठवर आला? मी खेकसायचो की पाय येईल, तू आपलं शिलाईचं बघ. फोन ठेवला की पुन्हा साच्यापाशी जाऊन बसायचो. पाय वेळेत झाला नाही तर ती कुबडी घेऊन मांडवात जाणार होती, आणि तिला अडवणारं कोणी नव्हतं.

वाट सापडली ती कमरेच्या पट्ट्यात. पट्ट्याच्या विभागात जाडजूड विणलेली इलॅस्टिकची पट्टी असते, माणूस लोंबकळला तरी तुटत नाही. तिचे बारीक तुकडे करून प्रत्येक बोटात हाडासारखे घातले, तळव्यापर्यंत नेले आणि वर रबर ओतलं. रंगातही या वेळी जरा जास्त तपकिरी मिसळला, कारण आमचा नेहमीचा गव्हाळ रंग त्या सावळ्या मुलीला शोभला नसता. थंड झाल्यावर बोट धरून ओढलं, पिळलं, वाकवलं. मग स्टोअरकीपरना म्हटलं, तुमी ओढा. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, चेहरा लाल झाला, बोट जागेवर. आमच्या विभागात टाळ्या वाजल्या आणि मिसळ कुणी आणायची यावरून भांडण लागलं.

मुलगी एसटीनं आली. पाय चढवला, पट्टा आवळला, आणि ती बाईंसमोर पट्ट्यांच्या मशीनांच्या मधून चालत गेली. आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून. परत येताना तिनं साडी मुद्दाम घोट्याच्या वर धरली होती. बाई खाली वाकून बोटांकडे बघत होत्या. कितीदा तरी तिला चालवलं, पायऱ्या चढायला लावल्या, उकिडवं बसायला लावलं. शेवटी उठून स्टोअरकीपरना म्हणाल्या, "आजपासून बायकांचे सगळे पाय असेच काढायचे. उजव्या पायाचाही साचा करून घ्या." त्यांचे डोळे भरले होते आणि मला तेवढं पुरेसं होतं.

चैत्रात आम्ही दोघं नवराबायको लग्नाला नरसिंहपूरला गेलो. मांडव देवळाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत होता, खालून नदीचा वारा येत होता, नवरदेवाच्या दुधाच्या टेम्पोला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आदल्या दिवशीची हळद दोन्ही पावलांना सारखीच लागली होती. खरं तर डाव्याला जास्तच, कारण हळद रबराला एकदा धरली की निघत नाही. मी मिसळलेल्या रंगाची सगळी मेहनत त्या पिवळ्यात बुडाली, पण पोरगी पाय पुढे करून पाटावर बसली होती, साडी सारखी करायचं तिला सुचतही नव्हतं.

मामानं आणलेली जोडवी घालायला गावचा म्हातारा सोनार आला. जाड भिंगांचा चष्मा, हातात चिमटा. आम्ही अगदी जवळ उभे होतो. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. उजव्या पायात जोडवं घालून त्यानं दाबलं, रुततंय का विचारलं, ती न्हाय म्हणाली. मग त्यानं डावा पाय ओढून घेतला. त्यानं बोटावरून अंगठा फिरवला आणि थांबला.

"ह्या बोटाला वळ हाय की गं," तो म्हणाला. "आधीच घालून बघितली व्हय जोडवी?"

आजूबाजूच्या बायका गालात हसल्या. मुलगी मान खाली घालून म्हणाली, व्हय आबा. माझ्या बायकोनं माझा दंड धरला. सोनारानं जोडवं वळावर बसवलं, चिमट्यानं हळूहळू आवळलं आणि सवयीनं विचारलं, "रुततंय का?"

मी तोंड उघडणार होतो. आवळा बिनधास्त, असं माझ्या ओठावर आलं होतं. मुलीनं मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. मग ती सोनाराला म्हणाली, "जरा रुततंय, आबा."

सोनारानं चिमटा उलटा धरला आणि जोडवं थोडं सैल केलं.