पोटाला ऐकू येणारी तार

“काढ गा ह्या तारा! बास वाजवून राहिला का भांडे घासून राहिला?”

सदर बाजारातला वाद्यदुरुस्तीवाला माझ्यावर ओरडला, तेव्हा रस्त्यावरचे दोन ऑटो आपोआप थांबले. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. आज नुसता खणखणाट झाला, तर उद्यापासून तुझं काम कीबोर्डवाला करेल, असं गायकानं बजावलं होतं.

या माणसाकडे मी कित्येक वर्षं जातोय, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. तो तार कानानं ऐकत नाही. गिटारचं लाकूड जबड्याला टेकवतो, डोळे मिटतो आणि तार छेडतो. माझ्या खरखरीत स्टीलच्या तारेनं त्याचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. मग त्यानं सपाट गुंडाळीच्या तारा चढवल्या. त्यांच्यावरून बोट तेल लावल्यासारखं सरकत होतं. आवाज दबका, पण जाडजूड. त्याचा चेहरा खुलला.

“हे कानाले नाही, पोटाले ऐकू येते.”

संध्याकाळी मी पहिला सूर लावला आणि मंडपाचे खांब डोलू लागले. ताटातली संत्रा बर्फी नाचत नाचत शेजारच्या पंगतीत गेली. दहा वर्षं रुसलेले नवरीचे काका नवरदेवाच्या घोडीसकट नाचले. शेवटी गायकच माईकवर ओरडला, “बास पाहिजे तर आमच्या भाऊचाच!”

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी दुकानात गेलो आणि हे सगळं, थोडं कमी करूनच, सांगितलं.

“जुन्या तारा घेऊन जाय,” तो म्हणाला. “टॉवेल वाळू घालाले कामी येतीन.”