दक्षिणेच्या भिंतीवरचा आरसा

घोडनदीला आनंदरावांनी स्टँडशेजारी मार्केट बांधलं, तेव्हा पहिला गाळा सिद्दीक मणियाराला दिला. आनंदराव मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, भलतेच धोरणी. बाया आल्या तर मार्केट चालेल, आणि बायांचे पाय आधी वळतात बांगड्यांकडे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि सिद्दीकचा हात म्हणजे काय हात होता! पाबळपासून कासुर्डीपर्यंत खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून फिरलेला माणूस. नवरीचा हिरवा चुडा सिद्दीकमामानंच भरायचा, असं कित्येक घरांत ठरलेलं. त्याचा हात शकुनाचा, त्यानं भरलेल्या चुड्याला धक्का लागत नाही, असं बाया एकमेकींना सांगायच्या. बांगड्या भरून झाल्या की बाई, मग ती पाटलाची का असेना, मणियाराला वाकून नमस्कार करते. सिद्दीक डोळे मिटून म्हणायचा, "जल्मभर भरल्या हातानं ऱ्हा, माय." पैसाअडका येतो नि जातो. त्या नमस्कारावर मात्र त्याचा जीव होता.

गाळा मिळाला तशी गावोगावची फेरी त्यानं चुलतभाऊ सुभानला देऊन टाकली. एकदा दिलेली फेरी मणियार परत मागत नाही, तशी रीतच आहे.

गाळ्यात त्यानं एकच हौस केली. पुण्याहून पुरुषभर उंचीचा आरसा आणला. समोर दार, दोन बाजूंना मांडण्या, म्हणून आरसा लागला मागच्या भिंतीला. ती भिंत दक्षिणेची. आरशात बघायचं तर बाईनं दक्षिणेकडे तोंड करून बसायला हवं, आणि तिकडे तोंड करून सवाष्ण बांगड्या भरत नाही, ती यमाची बाजू. सिद्दीकला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. बाईला उगवतीकडे तोंड करून बसवायचं, हा बापानं शिकवलेला पहिला धडा. पाट मांडताना त्याचा हात जरा थबकलाही. पण हौसेपुढं माणसाला कुठं काय सुचतं?

"पक्क्या इमारतीत कसली आलीय दिशा," तो बायकोला, मेहरुनला म्हणाला.

मेहरुन हसली. "आन् आपल्याला कुठं हायत्या त्यांच्या दिशा?"

बाया तर आरसा बघूनच हरखल्या. सगळ्या मार्केटला नुसता ऊत आला. बांगड्या भरल्या की पलीकडे जयसिंगच्या दुकानात लुगडं, त्यापुढं भांडी, मग स्टोव्ह. लग्नाचा बस्ता बांधायला दौंडकडची माणसंसुद्धा येऊ लागली. आनंदराव दारात खुर्ची टाकून मिशीवर हात फिरवत बसायचे. पाच वर्षं अशी गेली. त्या पाटाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि सिद्दीकही ते विसरला, निदान विसरल्यासारखं करत राहिला.

एकसष्टच्या संक्रांतीआधी दौंडची एक तरणी पोर दोन्ही हात भरून गेली. तिचा नवरा ट्रकवर. वाटेत उसाचा ट्रक उलटला आणि ती घरी पोचायच्या आत निरोप पोचला होता. सिद्दीकला हे कळलं. पाट फिरवावा असं त्याच्या मनात आलं. पण लोक विचारतील, का फिरवला? तेव्हा काय सांगायचं? म्हणून पाट तसाच राहिला.

बासष्टच्या हिवाळ्यात चीनच्या लढाईत पाबळचा जवान गेला. त्याच्या बायकोनं दिवाळीला इथंच हात भरले होते. लढाईत गेलेल्या माणसाचं नि पाटाचं काय नातं, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. पाबळची सरूबाई, त्या जवानाची आई, एके दिवशी एकटीच मार्केटात आली. गाळ्यात शिरली, पाटाशी उभी राहिली. उन्हाकडे बघितलं, आरशाकडे बघितलं.

"सिद्दीक," ती म्हणाली, "माज्या लगनाचा चुडा तुज्या बापानं भरला हुता. त्यानं मला कुनीकडं तोंड करून बसवलं हुतं, तुला ठावं हाय?"

म्हातारी भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. आली तशी निघून गेली, आणि तेच वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आरसा उतरवला, पाट उगवतीकडे केला. तिथंच घात झाला. "बघा, त्याला म्हाईत हुतं," बाया म्हणाल्या. "म्हाईत आसून बशिवलं." आता कोण येतंय? आधी त्याच्या गाळ्यासमोरून बाया पदर सावरून घाईनं जायच्या, मग मार्केटच्याच वाटेनं जाईनाशा झाल्या. जयसिंगनं दुकान पेठेत हलवलं. भांडीवाला गेला. पुढं स्टँडही दुसरीकडे गेला, तेव्हा मधल्या वाटेत दिवसाढवळ्या कुत्री झोपू लागली. आनंदराव एकदा येऊन रिकाम्या गाळ्यांची कुलपं ओढून बघून गेले. सिद्दीकशी बोललेसुद्धा नाहीत. तो आपला रोज गाळा उघडायचा, बांगड्यांवरची धूळ पुसायचा.

सहासष्टला त्याच्या खुर्शिदचं लग्न ठरलं. एकुलती लेक. सिद्दीकच्या जिवात जीव आला. जग काहीही म्हणो, लेकीचा चुडा तर बापाच्याच हातचा. त्यानं आठ दिवस खपून बांगड्या निवडल्या, एकेक कानाशी वाजवून बघितली. हळदीच्या दिवशी डबा घेऊन घाईघाईनं घरी आला.

अंगणात चुलतभाऊ सुभान बसला होता. पुढ्यात खुर्शिद, उगवतीकडे तोंड करून. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार. तिनं उठून सुभानला वाकून सलाम केला. बापाला बघून ती खाली बघायला लागली.

मेहरुन दारात आडवी आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "दिशा-बिशा मी आजून मानत न्हाई," ती म्हणाली. "पन लेक येकच हाय."

सिद्दीकनं डबा खाली ठेवला. मेहरुनच्या जागी तो असता, तर त्यानंही सुभानलाच बोलावलं असतं.