चंद्रकुमार सरांची चांगली सवय

आमच्या तालुक्यातल्या अंगणवाड्यांना ॲप आलं आणि ॲपामागोमाग चंद्रकुमार सर आले. पद काय, तर समन्वयक. काम काय, तर आम्ही राबायचं आणि ह्यांनी त्याचा अहवाल वर पाठवायचा. गळ्यातलं ओळखपत्र असं मिरवायचे, जणू कलेक्टरनंच ह्यांना वाट द्यावी. "मी ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे," हे दर बैठकीत. तीन दिवसांचं ट्रेनिंग ते! त्यातलाही एक दिवस हे कामठ्याला मामाकडे कोंबडी खायला गेले होते. कामठा माझं माहेर, मला कळायचं राहतं का?

मी अल्का, चिचगडकडची सेविका. माझ्या गावापुढं जंगलात पंचवीस घरांचा एक टोला आहे. तिथली सेविका जमुना. टोल्यावर रेंज नावाला नाही, म्हणून ॲपात एकदा लॉगिन केलं की जमुना ते कधी बंद करायची नाही. पोरांची हजेरी, वजनं, खिचडीचे फोटो, सगळं फोनातच साठायचं. बाजाराच्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. रेंज मिळाली की आठवडाभराचं काम आपोआप वर जायचं. आठ महिने बिनबोभाट चाललं होतं.

एकदा बाजाराच्या आदल्या दिवशी सर टोल्यावर गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा! रस्ता दाखवायला मला सोबत घेतलं. चिखलाचा पत्ता नाही, तरी पँट वर दुमडलेली. पोरं किती, छत काऊन गळते, काही विचारलं नाही. आधी फोन मागितला.

"बापरे! लॉगिन चालूच? कोणी डेटा चोरला तर? काम झालं की लॉगआउट करायचं, जमुनाबाई. चांगली सवय असते ती."

टोल्यावर येऊन अठरा पोरांची वजनं कोण चोरणार होतं, अस्वल?

"नको सर, राहू द्या," जमुना म्हणाली. "उद्या बाजारात जाऊन राहिली मी, तिथं सगळं..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत ह्यांनी बटण दाबलंसुद्धा. मग माझ्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला, आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर जमुनाला ओटीपी आला, लॉगिन झालं, आणि आत सगळं कोरं. सहा दिवसांची हजेरी नाही, वजनं नाहीत, एक फोटो नाही. सरांना फोन लावला तर म्हणतात, "तुम्ही भरलंच नसेल. ॲप खोटं बोलत नाही." आणि कट. असा संताप आला मला! वजनं पुन्हा घेता आली असती, पण गेलेल्या दिवसांची हजेरी कुठून आणायची?

महिनाअखेरीस जमुनाला नोटीस आली. केंद्र सहा दिवस बंद, सेवा समाप्त का करू नये? शिफारस ह्याच शहाण्याची. बारा वर्षांत बाईनं एक दिवस दार बंद ठेवलं नव्हतं. ताप अंगात घेऊन खिचडी शिजवली तिनं, मी डोळ्यानं पाहिलं आहे.

तालुक्याच्या बैठकीत निकाल लागणार होता. मोठ्या मॅडम खुर्चीत, आम्ही साठ बाया सतरंजीवर. सरांनी फोनात बघून आवाज चढवून वाचलं, "ॲपात नोंद नाही म्हणजे काम नाही." मॅडमनी पेन उघडलं.

जमुना उठली. मला वाटलं, आता रडते. पण ती सरळ पुढं गेली आणि टेबलावरचा सरांचा फोन उचलला. ॲप उघडंच होतं. वर ठळक अक्षरात, 'चाळीस भेटी, पाठवणे बाकी'. अख्ख्या महिन्याच्या भेटी हे महाशय फोनाचं नेट बंद ठेवून घरी पाटावर बसून भरायचे, मग एकदम पाठवायचे.

"तुमचं लॉगिन चालूच आहे, सर," ती म्हणाली. "वाचून झालं ना? करून देऊ बंद? चांगली सवय असते म्हणता." आणि बोट बटणावर नेलं.

"अरे नको! हात नको लावू!" सर खुर्चीतून उडालेच. "पाठवायचं बाकी आहे, सगळं पुसलं जाईल!"

मॅडमनी चष्मा काढला. "लॉगआउट केलं की पुसलं जातं? तुम्हाला हे माहीत होतं?"

एवढा ट्रेनिंग घेतलेला माणूस, नुसता घाम पुसत राहिला. मॅडमनी पेन बंद केलं.

जमुनानं बटण दाबलं नाही. मी असते तर दोनदा दाबलं असतं. तिनं फोन होता तिथं ठेवला आणि पदर सारखा केला.

"माह्यं बी असंच पुसलं, सर," ती म्हणाली. "मी बी नको म्हटलं होतं."